आपल्यातला कॅमेरा

ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यातल्या एका फोटोच्या दुकानात मी चार वर्षं काम केलं. लोक मेमरी कार्ड नाहीतर सीडी आणून द्यायचे. मी ती मशीनला लावायची आणि स्क्रीनवर एकेक फोटो बघत रंग नीट करायची. गोऱ्या चेहऱ्यांचा लालपणा कमी करायचा, आपल्या लोकांच्या चेहऱ्यांवर मशीन आपणहून जो राखी रंग चढवतं तो काढायचा. प्रत्येक फोटोच्या खाली बारीक अक्षरांत त्याची माहिती यायची: कॅमेरा कोणता, तारीख कोणती, लेन्स कोणती. दुकानाच्या मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की रंग बघायचे, माणसं बघायची नाहीत. मी दोन्ही बघायची, फक्त बोलायची नाही.

माझा स्वतःचा एक जुना डिजिटल कॅमेरा होता. मराठी मंडळाच्या गणपतीला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी तो गळ्यात अडकवून जायची. कॅमेरा असला की कोपऱ्यात उभं राहता येतं, आणि हिचं पुढे काय असं कुणी विचारत नाही. पंधराव्या वर्षी पुण्याहून इथे आले तेव्हापासून मला अशा एखाद्या सबबीची गरज होती. इंग्रजी शाळेत शिकलेली असूनही इथल्या मुलींचं इंग्रजी मला पहिलं वर्षभर कळलं नाही, आणि घरी मराठीत सांगावं असं काही घडत नव्हतं.

दुकानात एक लग्नाची फोटोग्राफर यायची. शहरात तिचा छोटा स्टुडिओ होता, पण प्रिंट ती आमच्याकडूनच करून घ्यायची, कारण तिच्या मते मी रंग बरोबर लावायची. पन्नाशीची, केस कापलेली, हिवाळ्यातही जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारी बाई. २००९च्या जानेवारीत एकदा तिने काउंटरमागे लावलेला माझा एक फोटो बघितला. वास्तुशांतीचा होता. होमाच्या धुरातून दिसणारे दोन हात, बस. हा कुणी काढला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी. मग तिने माझे आणखी फोटो मागून घेतले आणि पुढच्या आठवड्यात म्हणाली, येत्या सीझनला तिला जोडीला दुसरी फोटोग्राफर हवी आहे. लग्नांचा सीझन इथल्या उन्हाळ्याबरोबर नोव्हेंबरात सुरू होतो. काम तिला पसंत होतं, कॅमेरा नव्हता.

तिची अडचण खरी होती. त्या वेळी डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारे सेन्सर मुख्यतः दोन आकारांचे होते. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा एक, आणि त्याच्या निम्म्याहून लहान दुसरा. मोठा सेन्सर अंधारात चांगलं बघतो आणि लहानाचे फोटो अंधारात दाणेदार येतात. चर्चमध्ये फ्लॅश चालत नाही, आणि तिचा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा होता. एकाच अल्बममध्ये दोन जातींचे फोटो नकोत, असं तिचं म्हणणं. ती म्हणाली, "जुलैअखेरपर्यंत मोठा घे आणि मला कळव. घेतलास तर सीझन तुझा. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, मग झालंच.

माझ्याकडे साधारण तेवढे पैसे साठले होते. थोडे कमी पडत होते, पण जुलैपर्यंत झाले असते. तरी इतकी मोठी गोष्ट मी एकटीने ठरवणार नव्हते. मी बाबांना सांगितलं, आणि बाबा म्हणाले, काकांना विचारू.

हे काका नात्यातले नव्हेत. बाबांच्या पुण्यातल्या ऑफिसातले जुने सहकारी, आमच्या आधी इथे आलेले. आम्ही आलो तेव्हा पहिले सहा आठवडे त्यांच्याच घरी राहिलो. त्यांच्या मुलीच्या खोलीत आम्ही तिघं, आणि ती मुलगी आईवडिलांच्या खोलीत जमिनीवर. बाबांना पहिली मुलाखतही काकांच्या ओळखीनेच मिळाली. आता त्यांचं फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात मोठं घर होतं, आणि मंडळात फोटोग्राफीतलं कळणारा माणूस म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. मला शटर, ॲपर्चर शिकवलं तेही त्यांनीच. मी फारच थोड्या माणसांशी मोकळेपणाने बोलायची, त्यांतले ते एक होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका आमच्याकडे जेवायला आले. आईने पुऱ्या केल्या होत्या, काकांना पुऱ्या चालत नाहीत म्हणून त्यांच्यापुरत्या पोळ्या. मी माझा प्रश्न सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग ताटातली पोळी एका हातात घेतली, माझ्या ताटातली पुरी दुसऱ्या हातात.

"हा तुझ्या बाईचा सेन्सर आणि हा तुझा. कणीक कुठली? तीच. गिरणी? तीच. मग फरक कसला गं?"

"आकाराचा," मी म्हटलं.

"आणि पुरी जास्त लागते चवीला!" ते हसले. "हे बघ बाळ. तो मोठा आकार आला कुठून? फिल्मवरून. फिल्म गेली. आता फिल्मच गेली तर तिचं माप कशाला जपायचं? दोन वर्षांत ते मोठे सेन्सर बनवणंच बंद होईल. सगळं संशोधन लहानावर चाललंय. ती बाई फिल्मच्या जमान्यातली आहे, तिला सवय झालीय, एवढंच."

हे पटण्यासारखं होतं. मी पुष्कळ वाचलं होतं आणि असं म्हणणारेही लोक होते. पण वाचलेलं वेगळं आणि काकांनी सांगितलेलं वेगळं.

मग ते म्हणाले, "माझा सगळा संच तूच घे. बॉडी, तिन्ही लेन्स, बॅग. मी आता काढतो कुठे फोटो? ऑफिस सुटलं की मोटरवेवर तास जातो. खिशातला छोटा कॅमेरा मला पुरे. वस्तू पडून राहण्यापेक्षा तुझ्या हातात शोभेल."

मी बाबांकडे बघितलं. बाबा पुरीचा तुकडा मोडत होते. म्हणाले, "घे. आपल्यातलाच आहे."

ऑकलंडच्या मराठी घरांत तेव्हा वस्तू हातोहात फिरायच्या. पाळणा, कार सीट, इडलीपात्र, सोफा, एकदा तर अख्खं देवघर. आपल्यातलंच आहे असं म्हटलं की विषय संपायचा. त्यात भाव करायचा नसतो, झाकण उघडून बघायचं नसतं आणि का काढताय असं तर मुळीच विचारायचं नसतं. एका नव्या जोडप्याने वॉशिंग मशीनबद्दल तसं विचारलं होतं, ते पुढे वर्षभर "फार हुशार आहेत हो" अशा सुरात ओळखलं जायचं. मी काकांना काही विचारलं नाही. त्यांनी सांगितली ती किंमत दिली आणि माझ्या खात्यात नाव घेण्यासारखं काही उरलं नाही.

मी मनाशी एक बेत केला होता. त्या लेन्सवर भरपूर फोटो काढायचे, अंधारातले, चर्चमधले, आणि जुलैत ते फोटोग्राफर बाईसमोर ठेवायचे. तिने फरक ओळखून दाखवावा. म्हणून दर शनिवारी मी कुठल्यातरी अर्धवट उजेडाच्या जागी जायची. ग्रंथालयाचा मागचा भाग, स्टेशनचा जिना, एका चर्चमध्ये परवानगी काढून शेवटचं बाक. फोटो वाईट यायचे नाहीत. पण दुकानाच्या स्क्रीनवर मी ते मोठे करायची तेव्हा सावल्यांमध्ये रवा सांडल्यासारखा दिसायचा. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकतंय. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "हात स्थिर ठेव, श्वास रोखून धर." मी श्वास रोखून धरायला शिकले.

जूनच्या सुरुवातीला काकू दुकानात आल्या. काकांच्या आई सांगलीहून आल्या होत्या, सहा महिने राहून आता परत निघाल्या होत्या. आजींना तिकडे सगळ्यांना दाखवायला फोटो हवे होते, कागदावरचे, हातात धरता येतील असे.

"सगळे छाप गं," काकूंनी एक सीडी माझ्या हातात दिली. "ह्यांना चार महिने सांगतेय, ह्यांना वेळच नाही. शेवटी मीच कॉम्प्युटरवरून उतरवून आणले. रविवारी जेवायला ये हं, आईबाबांना घेऊन. आजींचं निघायचं जेवण आहे."

त्या गेल्या आणि मी सीडी लावली. पहिला फोटो विमानतळाचा. आजी व्हीलचेअरवर, मांडीवर पुष्पगुच्छ, पायांत मोजे आणि चप्पल. चेहरा थकलेला पण अगदी स्वच्छ, मागची माणसं मऊ, धुकट झालेली. संध्याकाळच्या त्या पिवळट ट्यूबलाइटमध्येही सावलीत रव्याचा एक कण नाही. मी रंगाला हातही लावला नाही. नजर खाली गेली.

खालचं नाव मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं होतं, तारीख डिसेंबरची.

कॅमेऱ्यातली तारीख चुकलेली असू शकते. दुकानात असं रोज दिसायचं, लोकांच्या नाताळाला १९९७ साल असायचं. पण आजी आल्या त्या एकदाच, नाताळच्या चार दिवस आधी. मी एकदम बरेच पुढचे फोटो उघडले, ते समुद्रकाठचे होते, आजी पोहुतुकाव्याच्या झाडाखाली आणि झाड लाल फुलांनी भरलेलं. ते फुलतं डिसेंबरात. फेब्रुवारीत काका आमच्या टेबलापाशी माझी पुरी हातात धरून बसले, तेव्हा तो कॅमेरा जवळजवळ दोन महिने त्यांच्या घरात होता.

मी परत पहिल्या फोटोवर आले आणि क्रमाने बघत गेले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला मी पावती दिली, बहुतेक हसलेही. अठरावा की एकोणिसावा फोटो काकांच्या जेवणाच्या टेबलाचा होता. आजींना आणायला काकांबरोबर बाबाही विमानतळावर गेले होते, सामान जास्त म्हणून आमची गाडी घेऊन. फोटोत टेबलावर फरसाणाची ताटली आणि चहाचे कप होते. मध्ये बाबा. त्यांनी नव्या कॅमेऱ्याचा रिकामा खोका दोन्ही हातांत ट्रॉफीसारखा वर धरला होता आणि ते मोठ्याने हसत होते. खोक्यावरचं नाव वाचता येत होतं.

त्यांचा चेहरा जरा राखी आला होता. मी तो नीट केला. मग सगळे छापले, एकशे चाळीसच्या वर होते, आणि तो एक दोनदा छापला.

घरी बाबा चहा घेत बसले होते, आई स्वयंपाकघरात. मी तो फोटो त्यांच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि आधी हसू आलं त्यांना. मग ते गेलं.

"हा कुठून आला?"

"काकूंनी छापायला दिला. आजी आल्या त्या दिवशीचा आहे ना?"

"असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाबा."

त्यांनी फोटो पालथा ठेवला. "त्यांना जुना संच काढायचा होता. बाहेर विकायचा म्हणजे इंटरनेटवर टाका, फोन घ्या, कोणीतरी येऊन दहा प्रश्न विचारणार. ते वैतागले होते. मग मीच म्हटलं, घरातल्या घरात होईल."

"तुम्ही म्हणालात?"

"मग काय बिघडलं? कॅमेरा चांगलाच आहे की. बंद पडलाय का?"

"मी मोठा घेणार होते. मला त्यावर काम मिळणार होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"अगं, ती बाई तुला शनिवार-रविवार कुठे कुठे नेणार, रात्री-बेरात्री परत येणार. आम्हाला बरं वाटेल का ते? आणि सहा आठवडे राहिलो आपण त्यांच्याकडे. तुझ्या आईला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी महिनाभर डबा दिला. काही म्हणून घेतलं नाही त्यांनी. कुठेतरी उपयोगी पडायला नको का माणसाने?"

"मग तुम्ही पडायचं होतं," मी म्हटलं. "तुम्ही घ्यायचा होता तो संच."

"तुझं-माझं कधीपासून सुरू झालं या घरात?"

आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला नव्हतं माहीत गं." मग हाताचं पीठ झाडत म्हणाली, "पण आता रविवारी तिथे काही बोलू नकोस. म्हातारं माणूस निघालंय."

मला काकांचा राग आला होता, पण तो सरळ होता. त्यांना एक वस्तू खपवायची होती. त्यांनी मला फसवलं, तसं त्यांनी दुसऱ्या कुणालाही फसवलं असतं. बाबांचं तसं नव्हतं. मला काय हवंय ते बाबांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं, जुलैची मुदतही त्यांना माहीत होती. आणि सगळं माहीत असताना त्यांनी पुरीचा तुकडा मोडत मला "घे" म्हटलं होतं. मी रात्रभर रडले वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात बाबांनी त्यांच्या वाटणीची चकली माझ्यासाठी ठेवली होती. ती मी खाल्ली नाही, दुकानातल्या मुलीला दिली.

रविवारी आम्ही फ्लॅट बुशला गेलो. दुपारचं जेवण होतं, श्रीखंड, मसालेभात, अळूची भाजी. काकांनी खिशातला छोटा कॅमेरा काढून आजींचे दोन-तीन फोटो घेतले. मला म्हणाले, "काय फोटोग्राफर, आज आमची फोटोग्राफी बघतेस का?" मी हसले नाही. बाबा लगेच हसले.

आजींनी मी छापलेल्या फोटोंचं पाकीट मांडीवर घेतलं होतं आणि एकेक फोटो बघत होत्या. "लई ग्वाड आलेत बघ," त्या मला म्हणाल्या. "मी एवढी बरी कधी दिसत नव्हते. तू छापलेस ना?" मग काकांकडे वळून म्हणाल्या, "हे काय चिमणीएवढं घेऊन फिरतोयस? तो मोठा आण की. ह्या पोरीला काढू दे माझा फोटो. तिला कळतं त्यातलं."

काका म्हणाले, "बॅटरी संपलीय, आई."

"सकाळी तर लावलीयस," आजी म्हणाल्या. "स्वयंपाकघरात हिरवा दिवा लागलाय."

काकूंनी काकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटतं, तोवर त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. काका उठले, स्वयंपाकघरातली बॅटरी घेऊन वर गेले आणि कॅमेरा घेऊन आले. त्यांनी तो माझ्या हातात देताना पट्टा नीट माझ्या मनगटाभोवती गुंडाळला. शिकवताना ते नेहमी तसंच करायचे.

तो जड होता. मी डोळ्याला लावला. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे लांबच्या खिडकीतून बघितल्यासारखं होतं. ह्यात सगळी खोली आली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, उजळ. आजी मध्यभागी, काकू ताटं उचलताना थांबलेल्या, आई पदराशी चाळा करत असलेली. बाबा अगदी कडेला होते आणि जमिनीकडे बघत होते. मी फ्लॅश न लावता फोटो काढला. एकच.

"बरा आहे का गं?" आजींनी विचारलं. "ह्याने एवढे पैसे घातलेत. घेण्यासारखा आहे का?"

"घेण्यासारखा आहे आजी," मी म्हटलं. माझा आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. "मलाही हाच घ्यायचा होता. फेब्रुवारीत काकांनी सांगितलं, हे बंद होणार आहेत, घेऊ नकोस. तेव्हा हा इथेच होता."

आजींनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तसं नाही आई, प्रत्येकाची गरज वेगळी असते..." आणि काकू म्हणाल्या, "विडे आणते." बाबांनी सांगलीला पाऊस सुरू झाला का, असं आजींना विचारलं. आजी माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला, पण त्यांना आता काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांचं विमान मंगळवारी होतं.

परत येताना बाबांनी गाडी मोटरवेला घातली. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? त्यांना काय वाटलं असेल?"

मला काय वाटलं असेल ते त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघितली, पापाकुऱ्याचा फाटा येईपर्यंत.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी फोटोग्राफर बाईला फोन केला आणि खरं ते सांगितलं, मोठा कॅमेरा मी घेतलेला नाही आणि जुलैपर्यंत घेऊ शकणार नाही. चर्चमध्ये काढलेले फोटो दाखवायला मी मागितले नाहीत. तिच्या जागी मी असते तर मलाही ते चालले नसते. ती म्हणाली, वेळेवर कळवलंस ते बरं केलंस. तिच्या आवाजात राग नव्हता.

नोव्हेंबरात सीझन सुरू झाला. दर सोमवारी ती कार्डं आणून द्यायची, एक तिचं आणि एक तिच्या जोडीच्या नव्या मुलाचं. मी दोन्ही मशीनला लावायची. त्याचे फोटो चांगले होते. अंधाऱ्या चर्चमध्ये वेदीपाशी उभी वधू, गालावर रंगीत काचेचा उजेड, सावल्या अगदी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. चेहऱ्यांचा लालपणा तेवढा मी कमी करायची.

संध्याकाळी बाबा स्टेशनवरून घरी जाताना मला दुकानातून घ्यायला यायचे. मी गाडीत बसले की ते विचारायचे, "काय, आज काम होतं का?"

मी म्हणायची, "होतं."